एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत तंबू लावायचा असेल तर

शाळांना सुट्ट्या लागल्या की पवना, भंडारदरा, राजमाची या भागांत तंबूंची गर्दी सुरू होते. आकाश निरभ्र असतं, करवंदं पिकलेली असतात, मे सरता सरता काजवे दिसू लागतात. मुलांना घेऊन एक रात्र उघड्यावर काढायला याहून चांगला काळ नाही, असं मला मनापासून वाटतं. पण त्रासही याच दिवसांत जास्त होतो. पहिल्यांदा जाणारा माणूस तंबू कोणता घ्यावा, बूट कोणते घ्यावेत याचा आठवडाभर विचार करतो आणि सावली नि पाणी कुठे आहे हे तिथे पोचल्यावर शोधतो. इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी सावली आणि पाणी, बाकीचं नंतर.

हे सगळं घाटमाथा, त्याच्या आसपासची धरणं आणि कोकण किनारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. विदर्भात पारा ४५ अंशांकडे सरकतो त्या दिवसांत तिथे उघड्यावर मुक्कामाचा बेतच करू नका.

१. तारीख ठरवा, पण शेवटचा शब्द हवामान खात्याचा

भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करताना कमाल तापमान बघतो. मैदानी भागात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश तापमान असेल, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त वर गेलेलं असेल, तर ती लाट. किनाऱ्याची मर्यादा कमी आहे याकडे लक्ष द्या. कोकणात हवा दमट असते, घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणून अलिबाग-दापोलीकडचे ३६ अंश देशावरच्या ३९ अंशांपेक्षा जड जाऊ शकतात.

निघण्याच्या तीन दिवस आधी आणि निघायच्या सकाळी ‘मौसम’ ॲपवर जिल्ह्याचा अंदाज बघा. ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर बेत पुढे ढकला. आगाऊ भरलेले पैसे बुडतील म्हणून जाऊ नका.

सोबत कोण येणार हेही याच टप्प्यावर ठरवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी आधीचे आठ-दहा दिवस संध्याकाळी पाच वाजता, ऊन असतानाच, अर्धा-पाऊण तास चालायला सुरुवात करावी. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या माणसाला घरी थांबवा. तान्ही बाळं, गर्भवती आणि हृदयाचा त्रास असलेले यांच्यासाठी हा ऋतू योग्य नाही. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधांनी शरीरातलं पाणी लवकर कमी होतं.

२. जागा निवडा: उंची, वस्ती आणि सकाळची सावली

दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर आणि कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे पुण्यात ३९ अंश असतील तेव्हा हरिश्चंद्रगडावर पाचेक अंश कमी असतील. हा फरक मोठा आहे, पण तो मिळवायला आधी उन्हात चढावं लागतं, आणि उघड्या कातळावर थेट उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ते पाच अंश जाणवतही नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: पहिला उन्हाळी मुक्काम गडमाथ्यावर करू नका. वस्तीला लागून, गाडी पोचेल अशा जागी करा. भंडारदऱ्याच्या परिसरात रतनवाडी आहे, कळसूबाईच्या पायथ्याला बारी आहे, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनई आहे. अशा गावांत कुणाच्या तरी शेतात किंवा अंगणात तंबू लावता येतो, जेवण सांगता येतं, आणि काही झालंच तर माणसं हाकेच्या अंतरावर असतात. राजमाचीवरची उधेवाडी वस्तीही चांगली, मात्र कर्जतकडून कोंदिवड्यावरून येणारी चढण मेमध्ये नवख्याने दुपारी चढू नये. लोणावळ्याकडचा रस्ता लांब आहे, पण चढ सौम्य आहे.

आता सावलीबद्दल. बहुतेक लोक संध्याकाळी पोचतात, तेव्हा ज्या झाडाची सावली दिसेल त्याखाली तंबू लावतात आणि सकाळी सात वाजता घामाने जागे होतात. कारण ती सावली संध्याकाळची होती. तुम्हाला हवी असते सकाळची. तंबूच्या पूर्वेला झाड, टेकाड किंवा गडाची भिंत हवी. मेमध्ये सूर्य पूर्वेपेक्षा जरा उत्तरेकडे उगवतो, तेवढा हिशेब धरा. मोबाइलमधलं होकायंत्र यासाठी पुरतं.

दुपारची गोष्ट आणखी वेगळी. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात शून्य सावलीचे दिवस येतात, सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हा कड्याच्या किंवा तटबंदीच्या आडोशाला सावली मिळेल हा अंदाज भर दुपारी साफ चुकतो. त्या वेळी सावली देतं ते झाड, छप्पर, गुहा किंवा तुम्ही स्वतः बांधलेली ताडपत्री. आंबा, जांभूळ, उंबर यांची सावली दाट असते. मात्र झाडाखाली बसण्याआधी वर बघा. वाळलेली जाड फांदी नको, आग्यामोहोळ नको, आणि किनाऱ्यावर असाल तर माडाखाली अजिबात नको. नारळ आणि झावळ्या सांगून पडत नाहीत.

धरणकाठी तंबू असेल तर एक गोष्ट ठामपणे ठरवून जा: पाण्यात उतरायचं नाही. जलाशयाचा तळ सारखा नसतो. जुने बांध, विहिरी, ओढ्यांची पात्रं पाण्याखाली गेलेली असतात, काठाशी गाळ असतो, आणि दोन पावलांत पाय टेकेनासा होतो. पोहता येतं म्हणणारेही गाळात अडकतात.

३. परवानगी आणि कागद

रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि मुक्कामाला, तंबूला, चुलीला परवानगी आहे का हे नाक्यावरच विचारा. संरक्षित स्मारक असलेल्या अनेक किल्ल्यांवर रात्री राहायला मनाई आहे. नियम बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षी कुणीतरी राहिलं होतं एवढ्यावर जाऊ नका. गावच्या माणसाला किंवा वनरक्षकाला त्याच आठवड्यात फोन करा.

सोबत ठेवायचे कागद:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र
- वनखात्याची किंवा ग्रामपंचायतीची पावती, कॅम्पचं बुकिंग असेल तर त्याचा कागद
- चालू औषधांची चिठ्ठी, ॲलर्जी असेल तर तिचं नाव ठळक लिहून
- एका कागदावर घरच्यांचे फोन, गावातल्या माणसाचा फोन, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा पत्ता

शेवटचा कागद मोबाइलवर असला तरी हाताने लिहून घ्या. घाटमाथ्यावर रेंज आणि बॅटरी दोन्ही जातात. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. घरी एका माणसाला सांगा: कुठे जातोय, कोणत्या वाटेने, कधी परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

तयार कॅम्पवर जात असाल तर आगाऊ रक्कम पाठवण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारा. दुपारी बसायला पक्कं छप्पर किंवा झाडं आहेत का? पिण्याचं पाणी कुठून येतं? तंबू मातीवर आहेत की सिमेंटच्या ओट्यावर? रात्री जबाबदार माणूस जागेवर थांबतो का? उत्तरं देताना समोरचा चाचरला तर दुसरी जागा बघा. जाहिरातीतले फोटो बहुतेक वेळा पावसाळ्यातले असतात. मेमध्ये तेच हिरवं पठार पिवळं, उघडं आणि तापलेलं असतं.

४. पाण्याचा हिशेब मांडा

यावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालवा. उन्हात चढताना माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. दोन-तीन तास चढ, संध्याकाळ, रात्र आणि सकाळी उतरणं धरलं तर एका माणसाला पिण्यालाच पाच-सहा लिटर. त्यात स्वयंपाक आणि चहाचं लिटर-दीड लिटर मिळवा. चौघांचं झालं २४ ते ३० लिटर. पाण्याचं लिटर म्हणजे किलो. तीस किलो पाणी पाठीवर घेऊन कुणी गड चढत नाही. म्हणजे एक तर वर पाणी असल्याची पक्की खात्री हवी, नाही तर गाडी पोचते तिथेच मुक्काम हवा.

खात्री म्हणजे काय? गडावरची टाकी पावसाळ्यात भरतात आणि मार्चनंतर एकेक करत आटतात. काहींमध्ये पाणी राहतं, पण ते हिरवं, पिण्याजोगं नसलेलं. जुन्या लेखात बारमाही पाणी असं वाचलं असलं तरी निघण्याच्या आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात फोन करून विचारा: ‘आज पाणी आहे का, आणि तुम्ही स्वतः ते पिता का?’ दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

टाक्याचं किंवा विहिरीचं पाणी घट्ट विणीच्या फडक्यातून गाळा, मग एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. नुसतं गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण जुलाबाचे जंतू त्यात राहतात. आणि उन्हाळ्यातले जुलाब म्हणजे आधीच कमी पडणारं पाणी आणखी कमी होणं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मे महिन्यात घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. तुम्ही मागितलं तर त्या नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच आपण भान ठेवायचं. पिण्यापुरतं घ्या, पैसे द्या, शक्य असेल तर गाडीतून वीस लिटरचा जार घेऊन जा आणि उरलेलं पाणी गावात देऊन या. टाक्यात पाय बुडवणं, टाक्याच्या काठावर साबणाने भांडी घासणं हे कधीच करू नका. जून उजाडेपर्यंत तेच पाणी माणसांना आणि गुरांना पुरवायचं असतं.

पिण्याची पद्धतही महत्त्वाची. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. पण दिवसभर नुसतंच साधं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं, त्यावर साधं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. अधूनमधून ओआरएस, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम सरबत, पन्हं किंवा ताजं ताक घ्या. ओआरएस विकत घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा. खोक्यातली गोड फळपेयं त्याची जागा घेत नाहीत. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका.

लघवीचा रंग हा सगळ्यात सोपा मापक. फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा म्हणजे पाणी कमी पडतंय. मुलांना चार-पाच तास लघवीला झालं नसेल तर थांबा, सावलीत बसवा आणि पाजा.

दारूबद्दल थोडक्यात: या मुक्कामात नको. ती शरीरातलं पाणी घालवते, आणि अंधारात कडा, पाणी आणि साप असलेल्या जागी भान सुटलेला माणूस सगळ्यांनाच धोक्यात टाकतो.

५. सामान

- ताडपत्री, शक्यतो एक बाजू चंदेरी असलेली, आणि भरपूर सुती किंवा नायलॉन दोरी
- दोन थरांचा तंबू. आतला थर जास्तीत जास्त जाळीचा असावा, आणि दारं समोरासमोर दोन असली तर उत्तम
- कॅरीमॅट, पातळ चादर. स्लीपिंग बॅगची गरज नाही, पण माथ्यावर पहाटे वारा गार असतो म्हणून एक पातळ पांघरूण ठेवा
- रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, झोपायला वेगळा कोरडा जोड
- सुती पंचा. तो ओला करून मानेवर ठेवला की लगेच बरं वाटतं
- माणशी एक हेडटॉर्च, जास्तीचे सेल
- ओआरएसची दहा पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, बँडेजच्या रुंद पट्ट्या, जंतुनाशक, डॉक्टरांनी सांगितलेल्या ॲलर्जीच्या गोळ्या
- शिटी, काठी, घोट्याच्या वर येणारे बूट

गॅसचा कॅन, लायटर आणि पॉवर बँक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये असं लिहिलेलं असतं, आणि बंद गाडी मेमध्ये त्याच्या वर सहज जाते.

६. दिवसाची आखणी

सकाळी दहा ते दुपारी साडेचार हा वेळ सावलीतच जायला हवा. या एका नियमाभोवती सगळा दिवस बसवा.

चढायचं असेल तर दोनच वेळा आहेत. पहाटे साडेचार-पाचला टॉर्चच्या उजेडात निघून नऊच्या आत वर, किंवा दुपारी साडेचारनंतर निघून सूर्य मावळायच्या आत वर. मेमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास उजाडतं आणि सातनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दोन-अडीच तासांची वाट दोन्ही वेळांत बसते. वाट त्याहून लांब असेल तर पहाटेचाच पर्याय घ्या.

नेहमीचा घोटाळा असा होतो: शहरातून सहाला निघायचं ठरतं, निघतात आठला, नाश्त्याला तासभर जातो आणि पायथ्याला पोचतात साडेअकराला. ‘आलोच आहोत तर चढून टाकू’ असा विचार इथे येतो. तसं करू नका. गावातल्या देवळात, शाळेच्या ओसरीत किंवा झाडाखाली पथारी टाका, झोपा, ताक प्या आणि साडेचारला उठा. संध्याकाळी उशीर झाला तर रात्र पायथ्याला काढा. मुक्काम पायथ्याला झाला म्हणून काहीही बिघडत नाही.

चालताना गटातल्या सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चला. वीस मिनिटं चाल, पाच मिनिटं सावली. वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर उतरताना बूट सरकतात, तेव्हा काठी वापरा.

७. सावली आधी, तंबू नंतर

दुपारी तंबूत झोपायचं नसतं. बंद कापडाच्या आत उन्हाची ऊब कोंडून राहते आणि आतलं तापमान बाहेरच्याहून बरंच वर जातं. मूल झोपलंय म्हणून त्याला दुपारी तंबूत ठेवून मोठी माणसं बाहेर बसली आहेत, असं दृश्य दिसलं तर लगेच जाऊन सांगा. हे जिवावर बेतू शकतं.

दुपारसाठी ताडपत्री बांधा. चंदेरी बाजू वर, डोक्यापेक्षा हातभर उंच, आणि किमान दोन बाजू मोकळ्या. ताडपत्री खाली बांधली तर तिची धग अंगावर येते. जवळ दोन ताडपत्र्या असतील तर एकीवर एक, मध्ये वीतभर फट ठेवून बांधा. वरची तापते, मधून वारा वाहतो आणि खालची बरीच थंड राहते. हा एक उपाय महागड्या तंबूपेक्षा जास्त आराम देतो.

तंबू पाचनंतर लावा. कातळावर शक्यतो नको, कारण दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मोकळी माती बघा. कातळावरच लावावा लागला तर पेग, म्हणजे तंबूच्या खुंट्या, रुतत नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी वाऱ्याचा झोत अचानक उठतो, रिकामा तंबू उडून दरीत जाऊ शकतो. म्हणून कड्यापासून लांब, आणि आत आधी सॅक ठेवून मगच दोऱ्या ओढा.

दाराची दिशा वाऱ्याप्रमाणे ठरवा. डोंगरउतारावर दिवसा वारा खालून वर येतो आणि रात्री वरून खाली वाहतो. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे. म्हणजे झोपेच्या वेळी हवा हवी असेल तर एक दार डोंगराच्या किंवा जमिनीच्या बाजूला हवं. बाहेरचा थर काढून ठेवू नका, वर गुंडाळून ठेवा. वळीव आला तर एका ओढीत खाली घेता आला पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक बघायचं असतं. वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची जी शेवटची रेघ दिसते, तिच्या बऱ्याच वर तंबू लावा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचं पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. गावच्या कोळ्याला विचारा, तो पाणी कुठवर येतं ते बोट दाखवून सांगेल. वाळूत पेग धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि पिशवी पुरा.

८. खाणं

उन्हात भात, दही, ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर लवकर आंबतं. दशम्या, धपाटे, ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाणे, भाजलेले फुटाणे, काकडी, कांदा, संत्री हे टिकतं आणि पोटाला जड होत नाही. रात्री गावात भाकरी-पिठलं सांगितलं तर पाणीही वाचतं, आणि चार पैसे गावात राहतात. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही असं अनेक जण मानतात. तो जेवणात खा. ऊन त्याने अडत नाही.

तंबूच्या आत किंवा दारात स्टोव्ह पेटवू नका. कापड पेटतं, आणि बंद जागेत जमणारा विषारी वायू वासाने कळत नाही. उरलेलं अन्न झाकून, तंबूपासून लांब ठेवा. त्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

९. रात्र: साप आणि विंचू

उन्हाळ्यात साप आणि विंचू दिवसा गारव्याला दगडाखाली असतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. म्हणजे तुम्ही अनवाणी हिंडता नेमकी ती वेळ. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. रत्नागिरी-देवगडकडच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, फुरशी खूप. मण्यारीची गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी: ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं दुखणं फार कमी असतं. उकडतंय म्हणून उघड्यावर चादर टाकून झोपण्यापेक्षा जाळीचा तंबू, चेन पूर्ण लावून, हाच मार्ग सुरक्षित.

रात्री उठलात तर आधी टॉर्च, मग बूट, आणि बूट झटकल्याशिवाय पाय आत घालू नका. दगड उचलताना, लाकडं गोळा करताना हात थेट घालू नका.

साप चावला तर त्या माणसाला शांत बसवा, अंगठ्या-कडं-घड्याळ काढा, हात किंवा पाय काठीच्या आधाराने बांधून स्थिर ठेवा आणि त्याला न चालवता दवाखान्यात न्या. घट्ट दोरी आवळणं, जखम कापणं, तोंडाने ओढणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ आणि कधी अवयव जातो. सापाला पकडायला जाऊ नका. चारही जातींवर एकच प्रतिविष चालतं. विंचू चावला आणि नंतर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर थांबू नका, लहान मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकदा प्राणघातक ठरायचा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि चित्र बदललं. पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचायला हवा.

१०. मोहोळ, वीज आणि वणवा

आग्यामोहोळ कड्यांवर, बुरुजांवर आणि उंच झाडांवर असतं. धूर, उग्र सुगंधी फवारे, दगड मारणं, ड्रोन आणि गोंगाट यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. तोंड-डोकं कपड्याने झाकून लांब पळा, पण कडा कुठे आहे याचं भान ठेवून. जाळीच्या तंबूत शिरून चेन लावता आली तर उत्तम. काटे लगेच खरवडून काढा. डंख खूप असतील, ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर तातडीने दवाखाना.

वळवाचे ढग एप्रिल-मेमध्ये बहुधा दुपारनंतर जमतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं. ते निघण्याआधी उतरवून घ्या. गडगडाट ऐकू आला की माथा, कडा, एकटं झाड, ध्वजस्तंभ, लोखंडी रेलिंग, पाण्याचा काठ सोडा. कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत, ढग भरून आले असतील तर त्यांवर चढू नका. तंबू विजेपासून वाचवत नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर या.

शेकोटीचा मोह टाळा. उन्हाळ्यातलं गवत ठिणगीने पेटतं, वारा ते डोंगरभर पसरवतो, आणि जमिनीवर घरटी केलेले पक्षी, सरपटणारे जीव, कोवळी रोपं होरपळून जातात. राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसला तर आधी आपली माणसं वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, उघड्या कातळावर न्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

११. ऊन लागलं तर

दोन अवस्था ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली: खूप घाम, चक्कर, डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे. माणूस नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, बूट आणि घट्ट कपडे सैल, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी त्याने पुन्हा चढायचं नाही.

दुसरी म्हणजे उष्माघात: शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर, बरळणं, तोल जाणं, चिडचिड, झटके, बेशुद्धी. त्वचा कोरडी असेलच असं नाही, धावपळीत आलेल्या उष्माघातात ती घामाने ओलीही असते. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज धोक्याचा आहे. वागण्या-बोलण्यात फरक पडला की उष्माघात धरून चला. १०८ किंवा ११२ ला फोन लावायला एकाला सांगा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागा: कपडे काढा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, पंचा-ताट-टोपी मिळेल त्याने वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांमध्ये ठेवा. पिण्यासाठी राखलेलं पाणीही इथे वापरा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, त्याला कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही. रुग्णवाहिकेची वाट बघताना आणि गाडीत नेतानाही थंड करणं थांबवू नका.

१२. परतीची सकाळ

साडेपाचला उठा, सावली असतानाच तंबू काढा. तंबूखालचं कापड उचलताना बाजूला उभं राहून उलटा, रात्री उबेला विंचू येऊन बसलेला असू शकतो. कचरा सगळा सोबत घ्या, फळांच्या साली आणि ओले टिश्यूसुद्धा. नऊच्या आत पायथ्याला या. गाडीची दारं पाच मिनिटं उघडी ठेवा, सगळ्यांना अर्धा लिटर सरबत पाजा, आणि गाडी चालवणाऱ्याची झोप झाली नसेल तर त्याला गावातच दोन तास झोपू द्या. रेंज आली की घरी ठेवलेल्या माणसाला फोन करा. पुढचे एक-दोन दिवस कुणाला ताप, उलट्या किंवा लघवी खूप कमी होणं असं काही जाणवलं तर डॉक्टरांना भेटा आणि उन्हात मुक्काम करून आलोय हे आधी सांगा.